पार-३ च्या टीला युरिया किती?

गोल्फमध्ये पार-३ म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं छोटं होल, आणि टी म्हणजे त्याचा पहिला फटका मारायची हिरवळीची जागा. पार-३ च्या टीवर बहुतेक फटके आयर्नचे (धातूच्या पातळ डोक्याच्या काठीचे), त्यामुळे हिरवळीचे तुकडे सारखे उडतात. त्या जखमा भरायला बर्म्युडा गवताला तिथे नत्र जास्त लागतं. वाढीच्या दिवसांत महिन्याला चौरस मीटरमागे २.५ ग्रॅम नत्र धरा. म्हणजे १०० चौरस मीटरच्या टीला साधारण ५४० ग्रॅम युरिया. एवढासा युरिया हाताने सारखा पडत नाही, म्हणून ४-५ किलो कोरड्या वाळूत मिसळा आणि निम्मा उभा, निम्मा आडवा फेका. नाहीतर गडद-फिकट पट्टे उमटतात. पानं कोरडी हवीत. दवावर दाणा चिकटला की पातं तिथेच करपतं. लगेच पाणी द्या, पण ओघळ जाऊ देऊ नका. झीज लवकर भरावी म्हणून मात्रा दुप्पट करू नका: पाती लुसलुशीत होतात, मुळं उथळ राहतात, आणि पुढचा तुकडा आणखी मोठा निघतो.