लसूण, हळद, लिंबाच्या अर्काची जिवाणूंवर चाचणी घेताना या चुका टाळा

आगर या घट्ट माध्यमाच्या प्लेटवर जिवाणूंचा पांढुरका थर, त्यावर अर्काची ६ मिमीची डिस्क आणि तिच्याभोवती स्वच्छ गोल. हा गोल, म्हणजे झोन, दिसला की 'अर्क गुणकारी' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. झोन मात्र एवढंच सांगतो, की तिथे जिवाणू वाढले नाहीत. ते कशामुळे वाढले नाहीत, हे कळतं कंट्रोलवरून, म्हणजे अर्क सोडून बाकी सगळं तसंच ठेवलेल्या तुलनेच्या डिस्कवरून, आणि सगळ्यात जास्त गफलत तिथेच होते.

द्रावकाचं श्रेय वनस्पतीला

अर्क ७० टक्के इथेनॉलमध्ये काढला आणि डिस्क ओलीच प्लेटवर ठेवली, तर इथेनॉलही जिवाणू मारतं. एका वेळी १० मायक्रोलिटरच सोडा, पूर्ण वाळू द्या, मगच पुढचा थेंब. त्याच प्लेटवर तेवढंच द्रावक सोडून तशीच वाळवलेली डिस्क हवीच. डीएमएसओ हे दुसरं द्रावक तर सहजासहजी उडून जात नाही, त्यामुळे तिथे ही डिस्क नसेल तर निकाल धरूच नये.

लिंबाचं दुखणं वेगळं. रसाचा पीएच २ ते २.५ च्या आसपास असतो आणि इतक्या आंबट माध्यमात बरेच जिवाणू तसेही तग धरत नाहीत. तेवढ्याच पीएचचं सायट्रिक आम्लाचं द्रावण शेजारी ठेवा. रसाचा काही भाग सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ वर आणून पुन्हा तपासा. झोन नाहीसा झाला, तर तुम्ही मोजला तो आंबटपणा.

बाजारातला तयार अर्क घेतलात, तर त्यात आणखी काय आहे हेही विचारायला हवं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रेपफ्रूटच्या बियांचे ६ तयार अर्क तपासले होते. त्यातले ५ प्रभावी ठरले आणि त्या पाचांतही बेन्झेथोनियम क्लोराइड हे परिरक्षक सापडलं. परिरक्षक नसलेला सहावा निष्प्रभ होता. म्हणून सुरुवात अख्ख्या, ओळख पटलेल्या वनस्पतीपासूनच करा.

लसूण उकळणं

अख्ख्या पाकळीत जिवाणूंना रोखणारं अ‍ॅलिसिन तयार नसतं. पाकळी ठेचली की अ‍ॅलिनेज हे विकर (एन्झाइम) अ‍ॅलिइनपासून ते बनवतं. पाकळ्या आधीच उकळल्या तर विकर निकामी होतं आणि पुढे झोन येत नाही. ठेचून १० मिनिटं ठेवा, थंड निर्जंतुक पाण्यात मिसळा, गाळा आणि त्याच दिवशी वापरा. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या गरम वाफेचं यंत्र) नको, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर घ्या.

हळदीला झोन नाही म्हणून ती निरुपयोगी ठरवणं

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे आगरमध्ये ते फारसं पसरतच नाही. अशा अर्कासाठी द्रवमाध्यमात अर्काची पातळी निम्मी-निम्मी करत एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी पातळी, काढा. तिथेही पिवळा रंग गढूळपणाच्या मापनात मिसळतो. प्रत्येक पातळीला 'अर्क आहे, जिवाणू नाहीत' अशी विहीर (चाचणीच्या प्लेटमधला छोटा खळगा) ठेवून तिचं माप वजा करा. शंका उरली, तर विहिरीतले ५ मायक्रोलिटर ताज्या आगरवर सोडून वाढ होते का ते बघा.

वजन आणि तुलना

१० ग्रॅम ताजं आलं म्हणजे साधारण ८ ग्रॅम पाणी. शिवाय वाळताना आल्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग शोगाओल या वेगळ्या रसायनात बदलतो. म्हणून आलं आणि सुंठ एकच समजू नका, आणि मात्रा नेहमी कोरड्या अर्काच्या वजनात लिहा.

तुलनेतली चूक मला सर्वांत गंभीर वाटते. ५० मिग्रॅ/मिलि अर्काचे २० मायक्रोलिटर म्हणजे डिस्कवर १ मिलिग्रॅम. जेंटामायसिन या प्रतिजैविकाची डिस्क असते १० मायक्रोग्रॅमची. शंभरपट माल घालून झोन सारखा आला, तर अर्क 'प्रतिजैविकाइतकाच प्रभावी' कसा?

प्लेट

म्युलर-हिंटन आगर ४ मिमी जाड ओता. थर जाड झाला की झोन आक्रसतो. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं प्रमाणित माप) असावं. ते पातळ असेल तर झोन फुगतो. ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवून झाकण न काढता, प्लेटच्या मागून मोजा. एकाच प्लेटवरच्या तीन डिस्क म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, वेगळ्या दिवशी, नव्या कल्चरवर पुन्हा करा. मोजून झालेल्या प्लेट १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.