डिकन्सची पत्रे आणि छायाचित्रे अभ्यासताना या चुका टाळा

चार्ल्स डिकन्सच्या कागदपत्रांकडे वळणारा नवा अभ्यासक बहुधा असे धरून चालतो की एवढ्या मोठ्या कादंबरीकाराचे दफ्तर कुठेतरी एकाच ठिकाणी नीट लावून ठेवलेले असेल. ही पहिली चूक आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच होतात. तसे दफ्तर उरलेले नाही, कारण डिकन्सनेच ते नष्ट केले. ३ सप्टेंबर १८६० रोजी केंटमधील गॅड्स हिल येथे, घराच्या शेतात, त्याने वीस वर्षांत साठलेली पत्रे आणि कागद जाळून टाकले. निदान काही पत्रे तरी ठेवावीत अशी मुलीने केलेली विनवणी त्याने मानली नाही, आणि धाकट्या मुलांनी त्या राखेत कांदे भाजून घेतले. आपण लिहिलेले प्रत्येक पत्रसुद्धा त्या ढिगावर असते तर बरे झाले असते, असे त्याने दुसऱ्याच दिवशी आपला सहकारी विल्स याला लिहिले.

म्हणजे त्याला आलेली पत्रे बहुतांशी गेली आणि त्याने पाठवलेली उरली, तीही ज्यांना मिळाली त्यांच्या घरी. कॅटलॉगमध्ये केवळ ‘डिकन्स’ हे नाव टाकून हाती काही लागले नाही, तर पत्र कोणाला लिहिले होते त्या नावाने शोध घ्यावा. विल्सला लिहिलेल्या पत्रांचा मोठा साठा कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन लायब्ररीत आहे, तर अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य दानशूर स्त्रीला लिहिलेली पुष्कळ पत्रे न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहेत. हस्तलिखितांचीही तीच गत आहे. जॉन फॉर्स्टर या मित्राच्या मृत्युपत्रामुळे बरीच हस्तलिखिते १८७६ मध्ये लंडनच्या आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आली. पण ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे हस्तलिखित डिकन्सने चॉन्सी हेअर टाउनशेंड या मित्राला भेट दिले होते, म्हणून ते आज विस्बेक या लहानशा गावातील संग्रहालयात आहे. कागद कोणाच्या हातून कोणाकडे गेला हे समजले की तो कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो.

छापील पाठ म्हणजे मूळ पत्र नव्हे

डिकन्सच्या मृत्यूनंतर मेव्हणी जॉर्जिना हॉगर्थ आणि मुलगी मेमी यांनी १८८० पासून त्याची पत्रे प्रसिद्ध केली. त्यांनी हे काम प्रेमापोटी केले, पण घरगुती वाटणारा मजकूर त्यांनी गाळला आणि काही ठिकाणी वेगवेगळ्या पत्रांतील भाग एकत्र जोडले. फॉर्स्टरने तर चरित्र लिहिताना मूळ पत्रांचे तुकडे कापून मुद्रणप्रतीत चिकटवले, त्यामुळे त्यातील अनेक पत्रे आता केवळ त्याच्या पुस्तकात, त्याने केलेल्या काटछाटीसह, उरली आहेत. १९६५ ते २००२ या काळात बारा खंडांत निघालेल्या आवृत्तीत चौदा हजारांहून अधिक पत्रे आहेत आणि प्रत्येक पत्राचा पाठ कशावरून घेतला हे तिथे नोंदवलेले आहे. ती नोंद न वाचता जुन्या आवृत्तीतील वाक्य उद्धृत करणे मला अक्षम्य वाटते.

तारीख लागत नसेल तर

डिकन्स तारीख पुष्कळदा अक्षरांत लिहीत असे, वार लिहीत असे आणि वर्ष मात्र अनेकदा सोडून देत असे. अशा वेळी अंदाजाने वर्ष घालण्याचा मोह आवरावा आणि आधी पत्राच्या माथ्यावरचा पत्ता पाहावा. १८३७ ते १८३९ डाउटी स्ट्रीट, १८५१ पर्यंत डेव्हनशायर टेरेस, १८६० पर्यंत टॅव्हिस्टॉक हाउस आणि १८५६ मध्ये विकत घेतलेले गॅड्स हिल १८७० मध्ये मृत्यू येईपर्यंत, असा त्याच्या घरांचा क्रम आहे. समजा, गॅड्स हिलच्या पत्त्यावरून लिहिलेल्या पत्रावर ‘सोमवार, तीन सप्टेंबर’ एवढेच आहे. त्या घराच्या काळात तीन सप्टेंबरला सोमवार फक्त १८६० आणि १८६६ या दोन वर्षी आला. एवढ्याने प्रश्न दोन वर्षांवर येतो आणि मग मजकुरातील एखादा उल्लेख निकाल देऊ शकतो. उदाहरणार्थ, ९ जून १८६५ च्या स्टेपलहर्स्ट येथील रेल्वे अपघाताचा आपल्यावर झालेला परिणाम त्यात आला असेल, तर १८६० आपोआप बाद होते. कागदाच्या वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागद उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या कारखान्याच्या खुणेत, वर्ष असले तर ते फक्त खालची मर्यादा सांगते. कागद तयार झाल्यावर तो कितीही वर्षांनी वापरला गेलेला असू शकतो.

छायाचित्राची मागची बाजू

स्कॅन करताना फोटोची केवळ पुढची बाजू घेणे ही फार सर्रास होणारी आणि फार नुकसान करणारी चूक आहे. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीने पेटंट घेतलेली कार्ट-द-व्हिजिट ही छोट्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली छायाचित्रे डिकन्सच्या हयातीत मोठ्या प्रमाणावर विकली जात असत आणि त्यांच्या पाठीवर स्टुडिओचे नाव व पत्ता छापलेला असे. केवळ ‘वॉटकिन्स’ असे लिहून ठेवले तर रीजंट स्ट्रीटचा हर्बर्ट वॉटकिन्स की पार्लमेंट स्ट्रीटचा जॉन वॉटकिन्स, हा प्रश्न उरतो, कारण डिकन्सचे फोटो दोघांनीही काढले होते. पाठीवरचा पत्ता तो प्रश्न बहुधा सोडवतो.

त्यातही सावध राहावे. प्रिंट केव्हा तयार झाली आणि डिकन्स कॅमेऱ्यासमोर केव्हा बसला या दोन वेगळ्या तारखा आहेत, कारण जुन्या निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे प्रती निघत. छापील फोटोचा पुन्हा फोटो काढून विकणारेही होते. चेहऱ्याचे बारकावे पुसट दिसत असतील, किंवा मूळ प्रिंटचा चरा आणि कडा चित्रातच उमटलेल्या असतील, तर ती नक्कल समजावी. तरुण, दाढी नसलेल्या डिकन्सचे जे चित्र सर्वत्र ‘फोटो’ म्हणून फिरते, ते बहुधा डॅनियल मॅक्लीसने १८३९ मध्ये रंगवलेले तैलचित्र किंवा त्यावरून केलेले कोरीव मुद्रण असते. छायाचित्रणाची कला त्याच वर्षी जगासमोर आली होती.

अक्षर वाचता येत नसेल तर

डिकन्सची हस्तलिखिते खाडाखोडीने भरलेली आहेत, आणि खोडलेल्या ओळीखाली त्याचा विचार कसा बदलत गेला ते दिसते. हिराकस आणि मायफळाची शाई काळानुसार तपकिरी होते. निळ्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेली पत्रे तर कृष्णधवल स्कॅनमध्ये जवळजवळ नाहीशी होतात. स्कॅन नेहमी रंगीत मागवावा आणि मूळ फाइल न बदलता तिच्या प्रतीवर रंगांतील फरक वाढवून पाहावा. काही कागद त्याच्या लघुलिपीत आहेत. ही लिपी त्याने गर्नी पद्धतीवरून शिकली आणि पुढे स्वतःच्या खुणा घालून बदलली, म्हणून गर्नीचे पुस्तक समोर ठेवून ती सरळ वाचता येत नाही. मोडी वाचणारा जसा अक्षराइतकाच संदर्भावर विसंबतो, तसेच इथे करावे लागते. मॉर्गन लायब्ररीतील ‘टॅव्हिस्टॉक पत्र’ म्हणून ओळखला जाणारा कागद २०२२ मध्ये बराचसा उलगडला, तो जगभरातील हौशी आणि जाणकार वाचकांनी एकत्र येऊन काम केल्यामुळे.

भारताशी संबंधित एक गफलतही इथे सांगायला हवी. डिकन्सचा मुलगा वॉल्टर १८५७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होण्यासाठी भारतात आला आणि १८६३ च्या अखेरच्या दिवशी कोलकात्यात वारला. त्याच्या नावाचा दगड आज साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत आहे, म्हणून त्याचे दफनही तिथेच झाले असे लिहिले जाते. प्रत्यक्षात त्याला भवानीपूरच्या दफनभूमीत पुरले होते आणि दगड मागाहून हलवण्यात आला. त्या फोटोखाली दोन्ही ठिकाणांची नावे द्यावीत.

मूळ वस्तू हाताळण्याचा योग आला तर कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात आणि छायाचित्रांसाठी नायट्राइलचे हातमोजे वापरावेत आणि टिपणे पेन्सिलीनेच घ्यावीत. सेलोटेप आणि लॅमिनेशन हे कागदाचे शत्रू आहेत. डगेरोटाइपवरची, म्हणजे चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर घेतलेल्या सुरुवातीच्या काळातील छायाचित्रावरची, काच काढून पृष्ठभाग पुसला तर प्रतिमाच निघून जाते, म्हणून धूळ दिसली तरी ती तशीच राहू द्यावी. मार्गारेट गिलीज हिने १८४३ मध्ये हस्तिदंतावर रंगवलेले डिकन्सचे हरवलेले लघुचित्र दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथे किरकोळ वस्तूंच्या खोक्यात सापडले, तेव्हा त्यावर बुरशी होती. ती तज्ज्ञांनी काढली म्हणूनच ते चित्र आज डाउटी स्ट्रीटच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

शेवटची अडचण प्रकाशनाच्या वेळी येते. लेखकाला जाऊन दीडशे वर्षे झाली, म्हणजे सगळे मुक्त आहे, असे समजू नये. ब्रिटिश कायद्यानुसार १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित राहिलेल्या अशा जुन्या पत्रांवरचा स्वामित्वहक्क २०३९ च्या अखेरपर्यंत टिकतो. शिवाय लिलावात पत्र विकत घेणाऱ्याला कागद मिळतो. मजकुराचा हक्क त्याबरोबर मिळत नाही. म्हणून संस्थेकडून स्कॅन मागवतानाच संदर्भक्रमांक, छापण्याची परवानगी आणि श्रेय कसे द्यायचे ते शब्द, हे तिन्ही लेखी घ्यावे आणि प्रतिमेच्या फाइलसोबत जपून ठेवावे.