गोचीडजन्य आजारांचा पुढच्या वर्षीचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

२०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण भराभर सापडले. आलेखात ते वर्ष उठून दिसतं, आणि अंदाज बांधणारा लगेच त्या वर्षीचा पाऊस शोधायला धावतो. थांबा. आधी विचारा, त्या वर्षी तपासण्या किती झाल्या आणि त्याआधी किती होत होत्या? एलायझा ही रक्ततपासणी झालीच नाही तर रुग्ण ‘व्हायरल’ म्हणून घरी जातो, आकड्यात येत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाची नोंद २०१७ ते २०१९ च्या सरासरीपेक्षा सुमारे ६९ टक्क्यांनी वाढली. त्याचं मोठं कारण म्हणजे नोंदीचे निकष बदलले होते, गोचिडी एकाएकी वाढल्या नव्हत्या. म्हणून रुग्णसंख्येशेजारी तपासण्यांचा रकाना हवाच. निकष किंवा तपासणीचं किट बदललेल्या वर्षावर खूण करा. तपासण्यांचा आकडाच नसेल तर दोन वर्षांची तुलना मी तरी करणार नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळे आजार एकाच फाइलमध्ये कोंबणं. स्क्रब टायफस मुळात गोचिडीमुळे होतच नाही, तो चिगर माइट या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो आणि पावसाळ्यात व त्यानंतर वाढतो. सिंधुदुर्गातला माकडताप खरा गोचिडीचा, पण त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत. दोन्ही एकत्र केले की पावसाचा परिणाम एकमेकांत विरून जातो. शिवाय जानेवारी-डिसेंबर असं वर्ष धरलं की माकडतापाचा एकच हंगाम दोन वर्षांत विभागला जातो. त्याच्यासाठी जून ते मे धरा.

पाऊसही त्याच वर्षीचा पुरेल असं नाही. लाइम पसरवणाऱ्या गोचिडीचं जीवनचक्र साधारण दोन वर्षांचं असतं, त्यामुळे आजच्या रुग्णांचं मूळ मागच्या वर्षात असू शकतं.

आता अंदाज बांधणारं गणिती मॉडेल. दहा वर्षांची वार्षिक नोंद म्हणजे दहाच ठिपके. त्यात पाऊस, आर्द्रता, तापमान, उंदीर अशी आठ चलं घातली तर मागची वर्षं जुळणारच, त्यात कौतुक कसलं! मॉडेलच्या चाचणीसाठी वर्षं सरमिसळ करू नका. २०१८ पर्यंतचं शिकवा आणि २०१९ सांगायला लावा. गेल्या पाच वर्षांच्या मध्यकापेक्षा (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) मॉडेल सरस ठरत नसेल तर मध्यकच वापरा.

आढावा बैठकीत एकच आकडा मागतात. तिथे अंदाजाची खालची-वरची दोन्ही टोकं द्या, कारण डॉक्सीसायक्लिन या स्क्रब टायफसवरच्या औषधाचा साठा वरच्या टोकावरून ठरवावा लागतो.