पळताना पाण्याची वेस्ट: घ्यायची कशी, बदलायची कधी

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो, त्यामुळं दौलताबादच्या घाटातून खुलताबादकडं लाँग रन मारायचा तर पाणी अंगावरच पाहिजे, त्यासाठीच ही वेस्ट, म्हणजे पाणी ठेवायला खिसे असलेलं बिनबाह्यांचं जाकीट. छातीचं माप टेपनं घ्या, टी-शर्टच्या साइजवर जाऊ नका, आणि रिकामी वेस्ट घालून बघण्यात काहीच अर्थ नाही, पुढच्या दोन्ही ५०० मिलीच्या सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दबणाऱ्या बाटल्या) भरा, पट्टे आवळा, जागेवर उड्या मारा, वरखाली हलली किंवा काखेत घासली तर सरळ परत ठेवा राव, दोन तास पळल्यावर तिथलंच कातडं सोलतंय. पाठीला जाळी असलेलीच घ्या. जास्त पाणी लागत असेल तर दीड लिटरचं ब्लॅडर घ्या, म्हणजे पाठीवर ठेवायची नळीवाली पाण्याची पिशवी.

आता बदलायचं कधी? नळीत काळे ठिपके दिसले आणि ब्रशनं घासूनबी जाईनात, तर नळी टाकून द्या, ती बुरशी आहे, तिच्यातून पाणी पिऊ नका. नळीच्या टोकाचा, पाणी ओढायला चावायचा व्हॉल्व्ह ठिबकतोय? बऱ्याच कंपन्यांचा तो सुटा मिळतो, त्याच्यासाठी आख्खी वेस्ट कशाला फेकता. पण इलॅस्टिक ढिलं पडलं, पट्टे आवळूनबी सरकायले, तर मात्र नवीनच बघा.