धावत्या कुत्र्याचे फोटो धूसर येतात? या चुका टाळा

फोटो धूसर आला की बहुतेक जण डोळे झाकून शटर स्पीड वाढवतात, म्हणजे शटर आणखी कमी वेळ उघडं ठेवतात. त्याआधी तो फोटो 100 टक्के मोठा करून पाहा. गवत लख्ख, पण कुत्र्याचे पाय आणि कान ओढल्यासारखे दिसत असतील तर शटर स्पीड कमी पडला. कुत्र्याच्या मागचं किंवा पुढचं गवत लख्ख आणि कुत्रा मात्र सगळीकडून मऊ असेल, तर दोष फोकसचा. तिथे 1/4000 सेकंदाचा शटर स्पीड लावूनही काही फरक पडणार नाही. अख्खी फ्रेमच एका दिशेला ओढली गेली असेल तर कॅमेरा हलला.

ताशी 36 किमी वेगाने पळणारा कुत्रा सेकंदाला 10 मीटर जातो. म्हणजे 1/500 ला तो 2 सेंमी सरकतो, पुढे फेकलेला पंजा त्याहून जास्त. 1/2000 ला हेच अंतर अर्ध्या सेंमीवर येतं. सुरुवात 1/1600 ने करा, उड्यांसाठी 1/2000 किंवा अधिक. आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते) ऑटोवर सोडा. आयएसओच्या धास्तीने 1/500 वर अडून बसण्यात शहाणपणा नाही. नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) नंतर कमी करता येतो, ओढला गेलेला डोळा सावरता येत नाही.

सगळ्यात जास्त फोटो जातात ते फोकसमध्ये. सिंगल मोडवर फोकस एकदा लागला की तिथेच अडकतो, कुत्रा पुढे निघून जातो. हलत्या गोष्टीवर सतत फोकस ठेवणारा मोड निवडा: कॅननमध्ये सर्व्हो, निकॉन-सोनीत एएफ-सी. कुत्रा लांब असतानाच बटण अर्धं दाबून त्याला पकडा आणि सोडू नका. प्राण्यांचे डोळे ओळखणारी सोय असेल तर चालू ठेवा. काळ्या किंवा डोळ्यांवर केस येणाऱ्या कुत्र्यांवर ती चुकते, तेव्हा फ्रेमच्या मधला फोकस झोन वापरा. अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) सगळं उघडण्याचा मोहही नडतो: फुल फ्रेमवर (36×24 मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 200 मिमी लेन्स, एफ/2.8 आणि 5 मीटर अंतर असेल तर जेमतेम 10 सेंमी भाग स्पष्ट राहतो. नाक लख्ख, डोळे गेले! त्यापेक्षा बारीक छिद्र, म्हणजे एफ/4 किंवा एफ/5.6 बरा. सरळ अंगावर येणारा कुत्रा सगळ्यात अवघड, म्हणून आधी आडवा पळणारा टिपून हात बसवा.

कुत्रा निघाल्या क्षणापासून बर्स्ट (सलग फोटो) दाबून धरलात तर तो जवळ येईपर्यंत बफर (फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) भरतो आणि कॅमेरा नेमका तिथेच अडतो. तो हव्या त्या अंतरात आला की मगच दाबा.

पाय किंवा मागचे खांब विचित्र तिरके दिसले तर इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलवता सेन्सर ओळीओळीने वाचणाऱ्या) संशय घ्या. मेकॅनिकलवर या.

फ्रेम भरून काळा कुत्रा असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजेड) 2/3 स्टॉप (उजेडाचं माप) खाली, पांढरा असेल तर तितकंच वर.

हाक मारणारा माणूस बाजूला उभा असेल तर कुत्र्याची नजरही बाजूलाच जाते. त्या माणसाला तुमच्या पाठीशी उभं करा, तुम्ही जमिनीवर पालथे पडा. आणि चार-पाच दौडी झाल्या, जीभ लांब लोंबू लागली, की थांबा. कुत्र्याला पाणी आणि सावली द्या.