कोकणात बदली होऊन आलात आणि गाडीला अपघात झाला तर

मी मूळची बीड जिल्ह्यातली, २००९ ला शिक्षणसेवक म्हणून लांजा तालुक्यात आले आणि तेव्हापासून इकडचीच झाले. दरवर्षी आपल्याकडची नवीन माणसं येतात, कुणी शाळेत, कुणी बँकेत, कुणी लोट्याच्या एमआयडीसीत, आणि मला भाड्याची खोली, पाणी, मुलांची शाळा सगळं विचारतात. अपघाताचं कुणी विचारत नाही, पण रात्री साडेअकराला फोन येतो तो त्याचाच, की मॅडम निवळीच्या पुढं गाडी ठोकलीय, इथं कुणी ओळखीचं नाही, काय करू. म्हणून हे लिहितेय.

आमचं काय झालं ते आधी सांगते. २०१६ चा जुलै, हातखंब्याहून पालीकडं येताना वळणावर समोरच्या टेम्पोनं आमची गाडी घासत नेली. पाऊस कोसळत होता, टेम्पोचा मालक आला, माणूस बोलायला चांगला, म्हणाला कशाला पोलीस, इथंच मिटवूया. आम्ही परके, अंधार पडत आलेला, लेकरू रडतंय, मिस्टरांनी पाच हजार घेतले आणि वहीच्या पानावर "माझी काही तक्रार नाही" असं लिहून सही दिली. मनगट थोडं सुजलं होतं, मुका मार समजून हळद लावली. आठ दिवसांनी दुखणं थांबेना म्हणून एक्सरे काढला तर मनगटातलं बारकं हाड मोडलेलं, कोल्हापूरला ऑपरेशन करावं लागलं. दवाखान्यातला पहिल्या दिवसाचा कागद नाही, पोलिसांची नोंद नाही, वर आपल्याच हातची सही. सगळा खर्च आमच्या खिशातनं गेला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या दिवशी दोन तास थांबलो असतो तर हे झालं नसतं.

तर पहिलं म्हणजे जागेवर मिटवू नका, निदान कुणाला लागलं असेल तर अजिबात नाही. नुसता बंपर गेला असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. पण माणसाला मार बसलाय तिथं काय मोडलंय ते त्या तासाला कळतच नाही.

ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२. इथली अडचण अशी की आपल्याला ठिकाण सांगता येत नाही, एकाच नावाच्या वाड्या गावोगाव असतात, त्यामुळं नुसतं "मधल्या वाडीजवळ" सांगून उपयोग नाही, कुठल्या तिठ्याच्या (तीन रस्ते मिळतात ती जागा) पुढं, कुठली नदी ओलांडली, जवळचं गाव कुठलं, मैलाच्या दगडावर काय लिहिलंय ते सांगा. घाटात मध्येच रेंज जाते, तेव्हा येणाऱ्या एसटीला हात करा आणि ड्रायव्हर-कंडक्टरला पुढं रेंज आली की फोन करायला सांगा. गावच्या पोलीस पाटलांना बोलवायला कुणाला तरी पाठवा, त्यांना ठाण्याचे सगळे नंबर माहीत असतात. लोक इथं धावत येतात, मनापासून मदत करतात, पण प्रेमापोटी बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालतात, ते करू देऊ नका. मान-पाठ दुखतेय म्हणणाऱ्याला ओढून रिक्षात कोंबू देऊ नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, बाकी काही नाही. आणि दुसऱ्याचा अपघात बघून तुम्ही थांबलात तर घाबरू नका, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय, मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.

चूक तुमची असली तरी पळून जायचं नाही. जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरचं कायद्यानं काम आहे. जमाव खवळला असेल आणि जिवाची भीती असेल तर सरळ जवळच्या ठाण्यात जाऊन हजर व्हा, कायद्यात तेवढी सवलत आहे.

दवाखान्यात गेल्यावर "रस्ता अपघात" हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या. त्याला एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणतात, ती झाली की दवाखान्यातनं पोलिसांना कळवलं जातं. पाय घसरून पडलो असं सांगायचा सल्ला कुणीतरी देतंच, झंझट नको म्हणून, तो ऐकू नका, नंतर तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो. डोक्याचा मोठा मार असला की सिंधुदुर्गातले लोक गोव्याला बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात नेतात, रत्नागिरीकडचे कोल्हापूरला किंवा मुंबईला. तिथं नोंदलेली कागदं शेवटी अपघात ज्या ठाण्याच्या हद्दीत झाला तिथं यावी लागतात, ती आपोआप येतील या भरवशावर बसू नका, मागं लागा. पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, योजनेतल्या दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत उपचार होतात, तुमच्याकडं पॉलिसी असो वा नसो. दवाखान्याच्या काउंटरवर योजनेचं नाव घेऊन विचारा.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. घाबरून दुसऱ्याच ठाण्यात पोचलात तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवलेली तक्रार, घ्यावीच लागते, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तसं लिहिलंय. पंचनामा होताना हजर रहा, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला होती, टायरच्या खुणा, ते सगळं त्यात येतं का बघा, त्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण इथल्या पावसात खुणा दहा मिनिटांत वाहून जातात.

आता नुकसानभरपाई. हे नवीन लोकांना बिलकुल माहीत नसतं म्हणून जरा सविस्तर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, लोक त्याला मॅकट म्हणतात, अर्ज अपघात झाला तिथंच करावा लागतो असं नाही, तुम्ही जिथं राहता किंवा काम करता तिथंही करता येतो. म्हणजे वडील गावाकडनं भेटायला आले आणि कुंभार्ली घाटात अपघात झाला तर त्यांना तारखांना चिपळूण-रत्नागिरीला हेलपाटे मारायची गरज नाही, बीडलाच दावा लावता येतो. अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा. १ एप्रिल २०२२ पासून पोलिसांनाही पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडं द्यावा लागतो, तो गेला का हे तपास अधिकाऱ्याला विचारायला लाजू नका. टक्केवारीवर केस घेतो म्हणणारे वकील दवाखान्याच्या दारातच भेटतात, वकिलांच्या नियमात ते बसत नाही, लांब रहा. जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं, बायकांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ठोकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात, अर्ज प्रांत किंवा तहसील ऑफिसला.

इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी फोन करून क्लेम नंबर घ्या. कंपनीचा सर्व्हे व्हायच्या आधी गॅरेजवाल्याला गाडी उघडू देऊ नका. नुसतं थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरतं इन्शुरन्स असेल तर रात्री रस्त्यावर बसलेल्या गुराला धडकून झालेलं स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही, इथं ते फार होतं, म्हणून फुल पॉलिसी घ्या. जुनी गाडी घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला टाका, आरसीवर नाव तुमचं आणि पॉलिसी जुन्या मालकाची, यात किती जण अडकलेत मला माहीत आहे. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीत गणपतीला भाड्यानं माणसं नेऊ नका, तसं सिद्ध झालं तर गाडीचा क्लेम जातो. आणि पाण्यात बुडालेली गाडी चुकूनही स्टार्ट करायची नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा ज्यांनी ओसरल्यावर चावी फिरवली त्यांचं इंजिन गेलं, आणि वेगळं इंजिन कव्हर नसेल तर कंपनी ते देत नाही.

डोक्याला थोडंसंच लागलंय, दवाखान्यातनं घरी सोडलंय, तरी पहिली रात्र एकट्यानं झोपू नका. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलताना अडखळणं, यातलं काही दिसलं की लगेच परत न्यायचं असतं आणि ते दुसऱ्या कुणाला तरी दिसावं लागतं. खोलीवर एकटे राहत असाल तर घरमालकीण काकूंना सांगा, माझ्याकडं येऊन झोपा म्हणतील, इथली माणसं तशी आहेत, फक्त आपण सांगायला हवं.