नव्या घरात आलेला पोपट चावतो तेव्हा या चुका टाळा

एका नातेवाइकांची बदली झाल्यामुळे त्यांचा तीन वर्षांचा सन कॉन्युअर जातीचा विदेशी पोपट ऐन एप्रिलमध्ये आमच्या नागपूरच्या घरी आला. जुन्या घरी तो खांद्यावर बसून पेरू खात असे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. आमच्याकडे आल्यावर मात्र चौथ्याच दिवशी त्याने माझ्या तर्जनीतून रक्त काढले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मी एकामागून एक ज्या चुका केल्या, त्यांतील बहुतेक नवे मालक करतात, आणि त्यांची शिक्षा दर वेळी पक्ष्यालाच भोगावी लागते. तो ‘खुनशी’ ठरतो, पिंजऱ्यात बंद राहतो किंवा आणखी एका अनोळखी घरी पाठवला जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गळ्याभोवती लाल-काळी कंठी असलेला आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे आणि तो पाळणे हा गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल किंवा कोणी आणून दिला असेल, तर त्याला माणसाळवण्याच्या खटपटीत न पडता वन विभागाशी संपर्क साधावा. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वन्यजीवांसाठीचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. हा लेख कॉकटेल, लव्हबर्ड, कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे अशा विदेशी पक्ष्यांविषयी आहे. यांपैकी कॉन्युअर आणि आफ्रिकन ग्रे आंतरराष्ट्रीय व्यापार निर्बंधांच्या यादीत असल्याने त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर करावी लागते, हेही पक्षी घरी आणण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

चाव्याच्या आधीचे दहा सेकंद

पोपट सहसा एकदम चावत नाही. आधी तो अंग चोरून पिसे घट्ट आवळून घेतो किंवा मानेची पिसे फुलवतो, मागे झुकतो, शेपटी पंख्यासारखी पसरतो, डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या करतो आणि चोच किंचित उघडी ठेवतो. कॉकटेल असेल तर त्याचा तुरा डोक्याला चपटा चिकटतो आणि तो फुसकारतो. यांतील प्रत्येक खूण ‘जवळ येऊ नका’ असे सांगत असते. मी त्या पाहत होतो, पण ‘थोडा धीट होऊ दे’ असे म्हणत हात पुढेच नेत होतो. सौम्य नकाराची दखल कोणीच घेत नाही आणि चावल्यावर मात्र हात तत्काळ मागे जातो, हे पक्ष्याला चार-पाच वेळा अनुभवास आले की तो मधले सगळे टप्पे सोडून थेट चावू लागतो. मग ‘काही कारण नसताना चावतो’ अशी तक्रार सुरू होते.

म्हणून पहिली दुरुस्ती अशी की, पहिली खूण दिसताच हात थांबवावा आणि सावकाश मागे घ्यावा. असे केल्याने पक्षी डोक्यावर बसेल, अशी भीती अनेकांना वाटते. अनुभव उलट आहे. नुसते मागे झुकल्याने काम होते हे कळलेल्या पक्ष्याला चोच चालवण्याची गरज उरत नाही.

पिंजऱ्यात हात घालणे

नव्या पक्ष्यासाठी पिंजरा ही अनोळखी घरातील एकमेव ओळखीची जागा असते. तेथे वरून हात उतरणे म्हणजे त्याच्या दृष्टीने झडप असते, कारण शिकारी पक्षी वरूनच येतात. पहिला आठवडा पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावावी, पिंजरा साधारण आपल्या छातीच्या उंचीवर ठेवावा आणि जवळ बसून वाचन करावे, हळू आवाजात बोलावे. दाणापाणी बदलण्यापलीकडे हात आत नेऊ नये. पिंजरा स्वयंपाकघरात मुळीच ठेवू नये, कारण नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याची वाफ पक्ष्यांसाठी प्राणघातक ठरते.

त्यानंतर गजांमधून त्याच्या आवडीचा खाऊ द्यावा. कोणता खाऊ सर्वांत प्रिय आहे, हे एका वाटीत पाच-सहा पदार्थ ठेवून तो आधी काय उचलतो त्यावरून ठरवावे. आमच्या कॉन्युअरने डाळिंबाचे दाणे आणि संत्र्याची फोड सोडून थेट सूर्यफुलाची बी उचलली. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर असल्याने त्या रोजच्या वाटीतून काढून केवळ बक्षीस म्हणून द्याव्यात. हातातून घेण्याइतका विश्वास नसेल, तर बी त्याच्या वाटीत टाकून आपण दूर व्हावे. आपण आल्यावर काही चांगले मिळते एवढेच त्याला कळले तरी पुरे. येथे काही जण पक्ष्याला उपाशी ठेवतात. ते करू नये; लहान पक्षी फार काळ उपाशी राहू शकत नाही.

खाऊ घेण्यापर्यंत मजल गेली की बांबूची एक बारीक काडी वापरावी. काडीचे टोक त्याच्या समोर धरावे, त्याने चोचीने स्पर्श करताच ‘शाब्बास’ म्हणून लगेच बी द्यावी. काही दिवसांत तो काडीमागे दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग दारापर्यंत आणि शेवटी बाहेर येतो. हात मध्ये येत नाही, त्यामुळे भीतीही मध्ये येत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच मिनिटे पुरतात. तो कंटाळण्यापूर्वी आपण थांबावे.

हातावर घेताना होणारी गल्लत

बोट किंवा मनगट पायांच्या किंचित वर, पोटाच्या खालच्या भागापाशी स्थिर धरले की पक्षी पाय उचलतो. पण चढण्यापूर्वी तो चोच पुढे करून बोटाला टेकवतो, कारण फांदी भार सोसेल का हे तो चोचीनेच तपासतो. नवा मालक नेमका येथे दचकतो आणि हात झटकतो. पक्ष्याला त्यातून एकच कळते, की ही फांदी हलते. पुढच्या वेळी तो अधिक घट्ट धरतो आणि आपण त्यालाच चावा म्हणतो. मीही हेच केले. शेवटी लांब बाहीचा जुना शर्ट घालून बोटाऐवजी मनगट पुढे केले, तेव्हा माझा दचका थांबला आणि त्याची पकडही सैल झाली. जाड हातमोजे मात्र टाळावेत. ते पक्ष्याला भयंकर दिसतात आणि उघड्या हाताची ओळख व्हायची ती राहूनच जाते.

चावल्यानंतर

ओरडणे, चोचीवर टिचकी मारणे, हात हलवून त्याला पाडणे, तोंडावर पाणी फवारणे, रागाने पिंजऱ्यात कोंबणे हे सर्व वर्ज्य आहे. मोठ्याने ओरडणे काही पक्ष्यांना चक्क आवडते आणि ते पुन्हा ऐकण्यासाठी चावतात; इतरांची भीती वाढते. पाण्याची फवारणी तर विशेष नुकसान करते, कारण नागपूरच्या मे महिन्यात हलक्या फवाऱ्याची अंघोळ हे त्याचे मोठे सुख असते आणि तीच बाटली शिक्षेची झाली की ते सुखही जाते. चावला असताना हात ओढू नये, ओढल्याने जखम मोठी होते. न बोलता हात टेबलाजवळ किंवा दांडीजवळ खाली न्यावा, त्याला उतरू द्यावे आणि मग आधी काय घडले ते आठवावे. जखम साबण-पाण्याने धुवावी. ती खोल असेल तर धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही.

सुधारणा होऊन पुन्हा बिघडले तर

याची कारणे बहुधा घरातच सापडतात. टीव्ही आणि दिवे रात्री अकरापर्यंत चालू राहिले की पक्ष्याची झोप तुटते. त्याला दहा ते बारा तास अंधार व शांतता हवी. लांबलेला प्रकाश, अंधाऱ्या कोपऱ्यातील खोके आणि पाठीवरून फिरवलेला हात यांमुळे प्रजननाची प्रेरणा जागी होते आणि तो जागेसाठी भांडू लागतो, म्हणून खाजवणे डोके व मानेपुरतेच ठेवावे. नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतील, दुपारी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून तो धापा टाकत असेल, तर त्या वेळी शिकवणी नको. खोली थंड करावी, पण कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर सोडू नये. नागपूरच्या महाल-इतवारीत मारबतीच्या गजबजलेल्या मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल, तर त्या दिवशी पिंजरा आतल्या खोलीत हलवावा आणि पुढचे दोन दिवस हातावर येण्याचा आग्रह धरू नये.

अचानक चावू लागलेला पक्षी पिसे फुलवून बसत असेल, पिंजऱ्याच्या तळाशी जात असेल, श्वासाबरोबर त्याची शेपटी वर-खाली होत असेल, तर प्रश्न स्वभावाचा नसून आजाराचा असू शकतो. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात, म्हणून अशा वेळी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावे. चोच घासून बोथट करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. त्याच चोचीने तो खातो, चढतो आणि तोल सांभाळतो.

घरातील एकाच व्यक्तीला चावणे ही तक्रार सर्वांत चिवट असते. आमच्याकडे ती व्यक्ती म्हणजे आई. तेव्हा सूर्यफुलाच्या बिया फक्त आईने द्यायच्या, आम्ही इतरांनी द्यायच्या नाहीत, असे ठरवले. दीड महिन्याने तो तिच्या हातातून बी घेऊ लागला. मनगटावर तो अजून तिच्याकडे येत नाही, म्हणून तिच्यासाठी एक छोटी लाकडी दांडी ठेवली आहे. त्या दांडीवर चढून तो तिच्यासोबत सकाळी तुळशीपाशी, बंद जाळीच्या गॅलरीत, उन्हाला बसतो.